तालुका खालापूर, आमदार उरणचा, खासदार मावळचा: चौक गावाचा पत्ता एवढा गुंतागुंतीचा का?

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरून पनवेल सोडून खोपोलीकडे निघालात की मध्ये चौक लागतं. इथूनच एक फाटा कर्जतला जातो. वर माथेरानचा डोंगर आणि इर्शाळगड, खाली पनवेल-कर्जत रेल्वेमार्गावरचं छोटं स्टेशन. नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल असं, साधं सरळ गाव.

पण "चौक कुठे येतं?" हा प्रश्न सरकारी कामासाठी विचारलात, तर उत्तर साधं राहत नाही. तालुका खालापूर. प्रांत कार्यालय कर्जतला. जिल्हाधिकारी अलिबागला. विधानसभा मतदारसंघ उरण. लोकसभा मतदारसंघ मावळ. गाडीची नोंदणी पनवेलला, म्हणजे नंबर प्लेट एमएच-४६. आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय पेणला. यातलं एकही उत्तर चूक नाही.

हे फक्त चौकचं नाही. महामुंबईच्या कडेला असलेल्या जवळपास प्रत्येक गावाची हीच कथा आहे. आणि आता देशात जनगणना होते आहे. तिच्यासाठी सगळ्या प्रशासकीय सीमा गोठवल्या आहेत, त्यानंतर मतदारसंघांची फेररचनाही होणार आहे. त्यामुळे कोणती रेषा कशासाठी असते, ती कोण आखतं आणि गोंधळ झाला की भुर्दंड कुणाला पडतो, हे समजून घ्यायला हीच वेळ योग्य आहे.

एका गावाला किती हद्दी असतात?

आपण "हद्द" म्हणतो तेव्हा एकच रेषा डोळ्यासमोर येते. प्रत्यक्षात एकाच जमिनीवर अनेक रेषा एकावर एक ठेवलेल्या असतात. ढोबळमानाने त्यांचे चार प्रकार करता येतील.

पहिली महसुली हद्द. महसुली गाव, मंडळ, तालुका, उपविभाग, जिल्हा अशी ही उतरंड. सातबारा, फेरफार, दाखले, नुकसानीचे पंचनामे ही कामं या रेषेवर चालतात. जिल्हा किंवा तालुका तयार करायचा, मोडायचा किंवा त्याची सीमा बदलायची, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार राज्य सरकार अधिसूचना काढतं. कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके मिळून एक उपविभाग होतो. म्हणून खालापूर तालुक्यातल्या माणसाला जातीच्या दाखल्यासारख्या कामात कर्जतच्या प्रांतांशी संबंध येतो.

दुसरी स्थानिक स्वराज्य संस्थेची हद्द. ग्रामपंचायत, नगरपंचायत, नगरपालिका, महापालिका. पाणी, गटार, दिवाबत्ती, घरपट्टी या रेषेवर ठरतात. खालापूर तालुक्यात खोपोलीला नगरपालिका आहे, खालापूरला नगरपंचायत आहे, चौकला ग्रामपंचायत आहे. तीनही एकाच तालुक्यात, पण तिघांचे कायदे आणि अधिकार वेगळे. एक ग्रामपंचायत आणि एक महसुली गाव यांची हद्द जुळेलच असंही नाही. एका ग्रामपंचायतीत अनेक महसुली गावं, पाडे आणि वाड्या असू शकतात.

तिसरी मतदारसंघाची हद्द. ही परिसीमन आयोग आखतो. तिचा तहसील कार्यालयाच्या कामाशी काही संबंध नाही. ती फक्त तुमचा प्रतिनिधी कोण हे ठरवते.

चौथी नियोजनाची हद्द. मुंबई महानगर प्रदेश, सिडकोचं 'नैना' क्षेत्र, माथेरानचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र या सगळ्या नियोजनाच्या किंवा निर्बंधांच्या रेषा. तुमच्या जमिनीवर काय बांधता येईल आणि परवानगी कुणाकडे मागायची, हे या रेषा सांगतात. तुमच्या घरचा नळ कोण दुरुस्त करणार, हे त्या सांगत नाहीत.

यांच्या जोडीला पोलीस, टपाल, आरटीओ, वीज यांच्या आपापल्या हद्दी. पनवेल आणि उरण तालुके नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाकडे आहेत, खालापूर आणि कर्जत मात्र रायगडच्या पोलीस अधीक्षकांकडे. म्हणजे महामार्गावरून पनवेल तालुका ओलांडून खालापूर तालुक्यात आलात की जिल्हा तोच राहतो, पोलीस यंत्रणा बदलते.

चौकचा आमदार उरणचा कसा?

चौकहून रेल्वेने कर्जत हे लगेच पुढचं स्टेशन. शेजारी कर्जत नावाचा विधानसभा मतदारसंघही आहे. तरीही चौक आणि मोहोपाडा-रसायनीचा पट्टा उरण मतदारसंघात आहे. खालापूर तालुका दोन मतदारसंघांत विभागला गेला आहे. एक भाग कर्जतकडे, एक उरणकडे. त्यामुळे न्हावा-शेव्याचं बंदर आणि इर्शाळगडाचा पायथा एकाच आमदाराच्या मतदारसंघात येतात.

याचं कारण लोकसंख्येच्या गणितात आहे. २००८ मध्ये लागू झालेली मतदारसंघांची फेररचना २००१ च्या जनगणनेवर आधारलेली होती. प्रत्येक मतदारसंघाची लोकसंख्या शक्यतो सारखी असावी, हा तिचा मुख्य नियम. तालुका जसाच्या तसा ठेवला तर आकडा जुळत नाही. मग तालुका महसूल मंडळांमध्ये तोडून, कुठलं मंडळ कुठे बसतं ते पाहिलं जातं. पूर्वी खालापूर नावाचा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता, तोही याच फेररचनेत गेला.

लोकसभेचं गणित आणखी वेगळं. मावळ मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून अस्तित्वात आला. त्यात सहा विधानसभा मतदारसंघ आहेत. पनवेल, कर्जत, उरण हे रायगड जिल्ह्यातले, तर मावळ, चिंचवड, पिंपरी हे पुणे जिल्ह्यातले. मध्ये खंडाळ्याचा घाट उभा आहे. २०२४ ला चौकच्या मतदारांनी दिलेली मतं पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलात मोजली गेली.

आणि 'रायगड' नावाचा लोकसभा मतदारसंघ? रायगड जिल्ह्यात सात विधानसभा मतदारसंघ आहेत. त्यातले पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड हे चारच रायगड लोकसभेत आहेत. उरलेले दोन, दापोली आणि गुहागर, रत्नागिरी जिल्ह्यातले. म्हणजे गुहागरचा मतदार रायगडचा खासदार निवडतो आणि रायगड जिल्ह्यात राहणारा चौकचा मतदार मावळचा.

खरा घोळ नावांचा आहे

रेषा वेगवेगळ्या असणं हा मुळात दोष नाही. मतदारसंघ लोकसंख्येवर ठरावा, तालुका कारभाराच्या सोयीवर, पाणलोट क्षेत्र नदीवर. प्रत्येक रेषेचं काम वेगळं, म्हणून रेषा वेगळी. अडचण येते ती एकच नाव अनेक रेषांना दिल्यामुळे.

'रायगड' म्हणजे किल्ला, जिल्हा की लोकसभा मतदारसंघ? किल्ला महाड तालुक्यात, जिल्ह्याचं मुख्यालय अलिबागला, आणि लोकसभेची गंमत वर पाहिलीच. 'कर्जत' म्हणजे तालुका, उपविभाग की विधानसभा मतदारसंघ? तिघांच्या हद्दी तीन. त्यात अहिल्यानगर जिल्ह्यातही कर्जत नावाचा तालुका आहे. ऑनलाइन अर्ज भरताना जिल्हा न पाहता फक्त 'कर्जत' निवडलं तर अर्ज थेट घाटावर जाऊ शकतो.

सगळ्यात मोठा नमुना 'नवी मुंबई'चा. वाशी, नेरूळ ठाणे जिल्ह्यात आणि नवी मुंबई महापालिकेत. खारघर, कामोठे, कळंबोली हेही सिडकोने वसवलेले, लोकांच्या पत्त्यात तेही 'नवी मुंबई'. पण जिल्हा रायगड, तालुका पनवेल, आणि १ ऑक्टोबर २०१६ पासून महापालिका पनवेलची. पोलीस मात्र नवी मुंबईचे. खारघरच्या माणसाने "मी नवी मुंबईत राहतो" म्हटलं तर तो खोटं बोलत नाही. फक्त तक्रार त्याने नवी मुंबई महापालिकेकडे केली तर ती तिथून परत येईल.

पिनकोडनेही उलगडा होत नाही. खारघर ४१०२१०, कर्जत ४१०२०१, खोपोली ४१०२०३ आणि पुणे जिल्ह्यातलं लोणावळा ४१०४०१. सगळ्यांचे पहिले तीन आकडे सारखे. कारण पिनकोड पत्रांची वर्गवारी करण्यासाठी आहे, जिल्हा सांगण्यासाठी नाही.

या सीमा पहिल्यापासून अशाच होत्या का?

नाही. आज जो पट्टा आपण बिनदिक्कत 'रायगड' म्हणतो, तो एकेकाळी ठाणे जिल्ह्यात होता.

कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये झाला. पनवेल आणि उरणचा भाग ठाण्यातून कुलाब्यात आला १८८३ मध्ये. कर्जत आलं १८९१ मध्ये. त्या काळी खालापूर स्वतंत्र तालुका नव्हता, तो कर्जतच्या अखत्यारीतला पेटा होता. आजही खालापूरचे प्रांत कर्जतला बसतात, त्यामागे शेजाराचा हा जुना धागा दिसतो.

पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा राज्यात २६ जिल्हे होते, त्यात कुलाबा होता. बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना १ जानेवारी १९८१ पासून जिल्ह्याचं नाव रायगड झालं. पण लोकसभा मतदारसंघाचं नाव 'कुलाबा'च राहिलं, ते थेट २००८ च्या फेररचनेपर्यंत. म्हणजे सत्तावीस वर्षं रायगड जिल्ह्यातले लोक कुलाब्याचा खासदार निवडत होते. नाव बदलणारी यंत्रणा वेगळी आणि मतदारसंघ ठरवणारी वेगळी असली की असं होतं.

महानगर प्रदेशाची रेषा तर सतत सरकते आहे. १९७५ मध्ये एमएमआरडीए स्थापन झालं तेव्हा रायगडचा काहीच भाग त्यात होता. २०१९ मध्ये हा प्रदेश वाढवून सुमारे ६,३०० चौरस किलोमीटरचा करण्यात आला. अलिबाग, पेणसह पनवेल आणि खालापूरचा उरलेला भाग त्यात आला. त्याआधी १० जानेवारी २०१३ ला नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या २७० गावांसाठी सिडकोला 'नैना'चं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं होतं. नंतर त्यातली काही गावं कमी झाली. २०२४ मध्ये पनवेल, उरण आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर प्राधिकरण नेमलं गेलं, त्यातली बरीचशी गावं आधी नैनात होती. गाव जागेवरच राहतं, बांधकाम परवानगीचं दार बदलत जातं.

इंग्लंडमध्येही हाच गोंधळ

हा फक्त आपल्याकडचा सरकारी घोळ आहे असं वाटत असेल, तर इंग्लंडकडे बघा. तिथले 'काउंटी' म्हणजे ढोबळमानाने आपले जिल्हे. पण काउंटी नेमकी कोणती, यावर तिथे पन्नास वर्षं वाद चालू आहे.

क्रिकेट बघणाऱ्यांना मिडलसेक्स माहीत असतं. लॉर्ड्सवर खेळणारा हा संघ ज्या काउंटीचं नाव लावतो, तिचं प्रशासन १९६५ मध्येच संपलं आणि तिचा बहुतेक भाग ग्रेटर लंडनमध्ये गेला. लँकेशायरचं घरचं मैदान ओल्ड ट्रॅफर्ड. १ एप्रिल १९७४ पासून ते ग्रेटर मँचेस्टर या नव्या काउंटीत येतं. त्या दिवशी अमलात आलेल्या कायद्याने देशभरातल्या सीमा बदलल्या. यॉर्कशायरमधला सॅडलवर्थ हा भाग ग्रेटर मँचेस्टरच्या ओल्डहॅममध्ये गेला. तिथले अनेक लोक आजही स्वतःला यॉर्कशायरचे म्हणवतात. रटलंड ही चिमुकली काउंटी १९७४ मध्ये लेस्टरशायरमध्ये विलीन झाली आणि लोकांच्या रेट्यामुळे १९९७ मध्ये परत आली.

बर्कशायरची गोष्ट आणखी मजेशीर. तिची काउंटी परिषद १९९८ मध्ये बरखास्त झाली आणि कारभार सहा स्वतंत्र स्थानिक संस्थांकडे गेला. पण काउंटी राहिली. राजाचा औपचारिक प्रतिनिधी तिथे अजूनही नेमला जातो. म्हणजे इंग्लंडमध्ये काउंटी तीन प्रकारच्या आहेत: इतिहासातली, औपचारिक आणि प्रशासकीय. तिघींची नावं बऱ्याचदा एकच, हद्दी वेगळ्या. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारने काउंटी आणि जिल्हा अशी दुहेरी परिषद असलेल्या भागांत एकच स्तर ठेवण्याचं धोरण जाहीर केलं, त्यामुळे ही चर्चा पुन्हा तापली.

दोन्ही देशांत एक फरक मात्र आहे. तिथला वाद बराचसा ओळखीचा आहे, आपण कुठले म्हणवून घ्यायचं याचा. आपल्याकडे जिल्हा म्हणजे आधी जिल्हाधिकारी कार्यालय, आणि त्या कार्यालयापर्यंतचं अंतर. इथे रेषा चुकली तर अख्खा दिवस, मजुरी आणि एसटीचं भाडं जातं.

गोंधळाचा भुर्दंड कुणाला?

तीन उदाहरणं पाहू.

पहिलं खारघर-कामोठ्याचं. महापालिका २०१६ मध्ये झाली, पण सिडकोने वसवलेल्या भागातल्या सेवा लगेच तिच्याकडे आल्या नाहीत. त्या सिडकोच देत होती आणि सेवा शुल्कही घेत होती. नंतर महापालिकेने मालमत्ता कर २०१६ पासूनचा मागितला. "एकाच सेवेचे पैसे दोघांना का?" असा रहिवाशांचा सवाल होता आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. कागदावर हद्द एका दिवसात बदलली, जबाबदारी बदलायला काही वर्षं लागली. त्या मधल्या काळाचं बिल नागरिकाच्या दारात आलं.

दुसरं चौकजवळच्या मोरबे धरणाचं. धावरी नदीवरचं हे धरण खालापूर तालुक्यात आहे, पण मालकी नवी मुंबई महापालिकेची. स्वतःचं धरण असलेली महापालिका म्हणून नवी मुंबईचं कौतुक होतं. ते योग्यही आहे, कारण पाण्याचं इतकं दूरचं नियोजन फार कमी शहरांनी केलं. पण धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या ते या महापालिकेचे मतदार नाहीत. पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी प्रकल्पग्रस्तांना वेळोवेळी आंदोलनं करावी लागली. ज्या संस्थेच्या निर्णयाचा परिणाम तुमच्यावर होतो, तिच्या निवडणुकीत तुम्हाला मतच नसेल तर दाद मागण्याचे मार्ग कमी होतात. हद्दीचा हा सर्वात कमी बोलला जाणारा परिणाम.

तिसरं उदाहरण वाड्यांचं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखाली दरड कोसळली आणि चौक ग्रामपंचायतीच्या हद्दीतली इर्शाळवाडी तिच्याखाली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले, आणि चार दिवसांनी शोधमोहीम थांबवावी लागली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारने तेव्हा विधिमंडळात सांगितलं. यादीत असती तर काय झालं असतं, हे कुणी सांगू शकत नाही. पण या निमित्ताने एक प्रश्न समोर आला. सरकारी याद्यांचं एकक बहुतेक वेळा 'गाव' असतं. डोंगरावरची ठाकर किंवा कातकरी वाडी खालच्या गावाच्या नावात मिसळून जाते. रस्ता, पाणी, धोका सगळं वेगळं असतं, पण कागदावर ती वेगळी दिसत नाही.

इथेच आणखी एक रेषा आडवी येते. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतली अनुसूचित क्षेत्रं आणि त्यांना लागू होणारा १९९६ चा पेसा कायदा. महाराष्ट्रात १३ जिल्ह्यांमध्ये अशी क्षेत्रं आहेत. रायगड त्यात नाही. कर्जतला लागून असलेल्या, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातली काही गावं त्यात आहेत, शहापूर तालुका पूर्ण आहे. पेसा क्षेत्रात पाडा किंवा वाडी स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊ शकते, तिची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते, आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट ग्रामपंचायतीला मिळतो. कर्जत-खालापूरच्या वाडीवर राहणाऱ्या ठाकर-कातकरी कुटुंबाला हे मिळत नाही. समाज तोच, डोंगर तसाच, रेषेची बाजू वेगळी.

आता या कुटुंबाच्या फेऱ्या मोजा. घरपट्टीची नोंद ग्रामपंचायतीत, तहसीलचं काम खालापूरला, जातीच्या दाखल्यासाठी कर्जतचे प्रांत, आदिवासी योजनेसाठी पेण, जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागायची तर अलिबाग. काही कामं आता ऑनलाइन होतात, पण अर्ज अडकला की शेवटी दार गाठावंच लागतं.

मग हे आत्ताच का महत्त्वाचं?

तीन कारणं आहेत.

एक, जनगणना. १६ जून २०२५ ला केंद्र सरकारने अधिसूचना काढली. देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख आहे. त्याआधी घरयादीचा टप्पा आहे. प्रशासकीय सीमांमध्ये बदल करायला ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुदत होती, त्यानंतर जिल्हा, तालुका, शहर, गाव यांच्या सीमा गोठल्या. त्यामुळे या काळात "अमुक तारखेपासून नवे जिल्हे" असा संदेश मोबाइलवर आला तर आधी अधिसूचना मागा. अशा याद्यांमध्ये रायगडातून महाड वेगळा काढलेला असतो. राज्यात शेवटचा नवा जिल्हा पालघर, तो १ ऑगस्ट २०१४ ला झाला, आणि तेव्हापासून संख्या ३६ वरच आहे.

दोन, जनगणनेत गाव 'शहर' ठरू शकतं. किमान पाच हजार लोकसंख्या, चौरस किलोमीटरला किमान चारशेची घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेर, या निकषांवर गाव 'जनगणना शहर' म्हणून नोंदलं जातं. २०११ मध्ये मोहोपाडा असंच नोंदलं गेलं. पण नोंद शहराची झाली म्हणून नगरपालिका येत नाही. कारभार ग्रामपंचायतच पाहते. लोकसंख्या शहराची आणि निधी, कर्मचारी, कचरा व्यवस्था गावाची, अशी ही स्थिती. पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्गामुळे चौकसारखी गावंही वाढणार आहेत. त्यांच्यापुढे हा प्रश्न उद्या येणारच आहे.

तीन, मतदारसंघांची फेररचना. संविधानानुसार २०२६ नंतर होणाऱ्या पहिल्या जनगणनेवर ती आधारलेली असेल, आणि २०२३ मध्ये मंजूर झालेलं महिला आरक्षणही तिच्याशी जोडलेलं आहे. खालापूर तालुका पुन्हा एक होतो की आणखी तुकड्यांत जातो, हे तेव्हा ठरेल. फेररचनेचा मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात, जाहीर सुनावण्या होतात. एकदा अंतिम आदेश निघाला की त्याला न्यायालयात आव्हान देण्याची वाट फारच अरुंद आहे. बोलायचं ते मसुद्याच्या वेळीच.

तुम्ही काय करू शकता?

सर्वात आधी प्रश्न बदला. "माझं गाव कुठे येतं?" असं न विचारता "या कामासाठी माझं गाव कुठे येतं?" असं विचारा.

जमिनीचं काम असेल तर सातबाऱ्यावरचं महसुली गावाचं नाव बघा. बोलीतलं नाव चालत नाही. 'रसायनी' सगळ्यांना माहीत आहे, पण ते कारखान्यांमुळे पडलेलं नाव, सातबाऱ्यावर नाव मूळ गावाचं असतं.

बांधकाम किंवा प्लॉट खरेदी असेल तर जाहिरातीतल्या 'नवी मुंबईलगत', 'नैना' या शब्दांवर जाऊ नका. त्या महसुली गावाचं नाव ताज्या अधिसूचनेच्या यादीत आहे का आणि परवानगी देणारं प्राधिकरण कोणतं, हे लेखी विचारा. इथे जुनी यादी दाखवून व्यवहार होऊ शकतात.

मतदारसंघ हवा असेल तर मतदार यादीत नाव शोधा. तालुक्यावरून अंदाज बांधू नका.

वाडीवर राहत असाल तर जनगणनेचा कर्मचारी येईल तेव्हा वाडीचं नाव नोंदवायला सांगा आणि ग्रामसभेत तसा ठराव करून ठेवा. वाडी स्वतंत्र महसुली गाव व्हावी अशी मागणी पुढे करायची असेल, तर असे कागदच कामी येतात.

आणि सरकारकडून एक साधी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. हद्द बदलण्याची अधिसूचना निघते तेव्हा तिच्यात गावांची यादी असते, नकाशा असतो. पाणी कोण देणार, कर कोण घेणार, तक्रार कुठे करायची आणि हे कोणत्या तारखेपासून, एवढ्या चार ओळी त्याच कागदाला जोडून ग्रामपंचायतीच्या फलकावर लागल्या, तर निम्मी हेलपाटी वाचतील. रेषा कितीही असोत, दार कोणतं ठोठवायचं ते माणसाला आधी कळायला हवं.